अंगण फरशीखाली पुरू नका

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण मराठवाड्यात कोणास ठाऊक नाही? अन्यत्र काही जमले नाही तरी परभणीत माणसाचा निभाव लागेल, असा तिचा आशय. हा निभाव ज्या काळ्या कसदार मातीने लावला, त्याच मातीवर घर बांधणारा आमचा मध्यम स्थितीतील गृहस्थ आज प्रथम काय करतो? दारापुढील माती उपसतो आणि कुंपणाच्या भिंतीपर्यंत फरशी बसवितो. चिखल गेला, सारवणाचा व्याप गेला, म्हणून घरातील स्त्रियांसही बरे वाटते. आणि ते बरे वाटणे अगदीच अकारण आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु या सोयीची किंमत किती पडते, याचा हिशेब कोणी केला आहे काय?

तो आम्ही येथे मांडतो. परभणीस वर्षाकाठी सरासरी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हा अवघ्या वीस चौरस मीटर अंगणावर वर्षाला १८,००० लिटर पाणी आभाळातून फुकट उतरते. फरशी घातली की ते गटारात जाते, आणि उन्हाळ्यात तोच गृहस्थ टँकरची वाट पाहत दारात उभा राहतो. सन २०१६ मध्ये शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ही गोष्ट इतक्यात विसरण्याजोगी नाही. शिवाय मे महिन्यात पारा ४३ अंशांपलीकडे जातो तेव्हा दिवसभर तापलेली फरशी रात्री घरातच उष्णता ओकते, ती निराळीच.

यावर काही सुखवस्तू मंडळी दुसऱ्या टोकास जातात व मक्तेदाराकडून हिरवळ अंथरून घेतात. वीस चौरस मीटर हिरवळ जगविण्यास उन्हाळ्यात चौरस मीटरमागे रोज पाच लिटर धरले तरी शंभर लिटर पाणी लागते. जलजीवन मिशनने २०१९ पासून खेड्यातील माणसामागे रोजचे ५५ लिटर हे प्रमाण ठरविले आहे. म्हणजे जवळजवळ दोन माणसांचा वाटा एका गवताच्या पट्ट्याने प्यावा! ही शोभा नव्हे. दुष्काळी मुलखात हा अविचारच होय.

मग अंगण सुशोभित करूच नये काय? अवश्य करावे, आणि ते थोड्या खर्चात होते. जाण्यायेण्यापुरती मुरमाची पाऊलवाट ठेवावी, म्हणजे चिखलाची तक्रार उरत नाही. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पन्हळीचे पाणी पायाशी न सोडता चर खणून दूरच्या आळ्यात न्यावे, व मोठे झाड भिंतीस लागून लावू नये. पश्चिमेच्या बाजूस एक कडुलिंब असला तर दुपारचे ऊन तो अंगावर घेतो. त्याचे बी कोठे विकत घ्यावयाचे नाही. मात्र निंबोळीची उगवणशक्ती थोड्याच आठवड्यांत नष्ट होते, म्हणून ती ताजी असतानाच पेरावी. जास्वंद, तगर, मोगरा व शेवगा हे शेजाऱ्याकडून आणलेल्या फांदीवर लागतात. कण्हेर दिसते सुरेख, परंतु ती सर्वांगी विषारी आहे. लहान मुले व गुरे असलेल्या घरी ती नको.

पाण्यासाठी जुनी युक्ती आहे. झिरपणारे मातीचे मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे व तोंड झाकावे. मुळे लागेल तेवढेच पाणी ओढून घेतात. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील एका कृषिग्रंथात ही रीत नमूद आहे. न्हाणीचे पाणी साचू न देता खडीच्या खड्ड्यातून केळ व कर्दळ यांस द्यावे, म्हणजे डासही होत नाहीत. गळालेला पाला जाळू नये; तो आळ्यात पसरल्यास ओल टिकते. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे पालापाचोळ्यापासून सकस माती करण्याचा व गच्चीवरही पीक घेण्याचा मार्ग सामान्य माणसांस दाखविला. ज्यांस अंगणच नाही, त्यांनी जुने डबे व गोण्या यांवर आरंभ करावा.

आणि आपल्या गावचे ज्ञान आपण का वापरू नये? १९७२ साली येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याने १९८५ मध्ये दिलेली 'परभणी क्रांती' भेंडी, केवडा रोगास तोंड देणारी म्हणून, देशभर पोहोचली. ती संकरित बियाण्यासारखी दरवर्षी विकत घ्यावी लागत नाही. दोनचार शेंगा झाडावरच वाळवून बी ठेवता येते. ज्या गावाचे नाव परप्रांतीच्या शेतकऱ्याच्या तोंडी आहे, त्या गावच्या परसात भेंडीचे एक झाड नसावे, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या बागेचा भार पुन्हा घरातील स्त्रीच्याच माथी पडणार असेल, तर तिने फरशीच पसंत केली म्हणून तिला दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. मातीत हात घालणे हे हलके काम, ते माळ्याने वा बायकांनी करावे, ही समजूत सुशिक्षित पुरुषांनी आधी टाकावी. पाणी घालणे व आळी करणे हे काम घरच्या मुलग्यांकडे द्यावे. महानगरपालिकेनेही नव्या घरास परवानगी देताना अंगणाचा काही भाग उघडा राहील, अशी अट घालून ती पाळली जाते की नाही हे पाहावे.

तोवर प्रत्येकाने आपल्या हातचे करावे. मृग लागण्यापूर्वी कुंपणालगतच्या फरशीची एक ओळ उखडावी, तेथील माती भुसभुशीत करावी आणि पहिल्या पावसाचे पाणी तेथे मुरते की नाही, हे मुलांसह उभे राहून पाहावे. पुढील वर्षी दुसरी ओळ उखडण्यास कोणाचा उपदेश लागणार नाही.