सीटखालची पेटी

जबलपूरला रेल्वे आली ती १८६७ मध्ये, अलाहाबादकडून. मार्च १८७० मध्ये इटारसीच्या बाजूने आलेला मुंबईचा मार्ग तिला जुळला आणि गाव एकदम मुंबई-कलकत्ता प्रवासातलं मोठं जंक्शन झालं. नागपूरला जायला मात्र सरळ आगगाडी नव्हती. भोसल्यांच्या अमलापासून ज्या नागपूरशी इथल्या मराठी घरांचं जाणंयेणं, त्याच्यासाठी बरगी, लखनादौन, सिवनी असा सातपुड्यातून जाणारा सुमारे २७० किलोमीटरचा रस्ताच होता. नॅरोगेज यायला विसावं शतक उजाडलं. टांग्याच्या सीटखालच्या दुरुस्तीच्या पेटीचा मागोवा मी या रस्त्यापासून घेतो, कारण पेटीत काय भरायचं हे पुढचा लोहार आणि पुढचा मोची किती लांब आहेत यावरूनच ठरतं.

लांबच्या रस्त्यावर पेटी भरगच्च लागते. टांगा दोन चाकांचा, त्यामुळे त्याचा तोल घोड्याच्या पाठीवर आणि पोटाखालच्या तंगावर राहतो. उतारावर भार पुढे येऊन दांडे पाठीवर दाबतात. चढावर भार मागे जातो, दांडे वर उचलले जातात आणि त्यांना खाली धरून ठेवतो तो एकटा तंग. ऐन चढावर तंग तुटला तर दांडे आकाशाकडे, माणसं मागच्या मागे आणि घोडा बिथरलेला. म्हणून जास्तीचा तंग हवाच, तोही भोकं पाडून, बक्कल लावून तयार. रास तुटली तर दोन टोकांना बक्कल असलेला हातभर पट्टा मध्ये जोडायचा आणि मुक्काम गाठायचा. गाडी ओढणाऱ्या बाजूच्या पट्ट्यांसाठी तसाच, पण जाड तुकडा. मग चामड्याच्या वाद्या, आरी, दोन सुया, मेण लावलेला दोरा, तार, पक्कड, हातोडी, चाक जागेवर धरणारी जास्तीची खीळ, वंगणाची डबी, नाल आणि त्याचे खिळे, खूर साफ करायचा आकडा. शिवाय धारदार सुरी, कारण पडलेल्या घोड्याला सोडवताना बक्कल काढायला वेळ नसतो.

शहरात ही पेटी हलकी झाली. १८७९ च्या हॅकनी कॅरेज कायद्याने भाड्याच्या गाड्यांना परवाने देण्याचे, घोडा आणि साज कसा असावा हे ठरवण्याचे अधिकार नगरपालिकांना मिळाले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना जबलपुरात उभा राहिला. तोफा तेव्हा घोडे आणि बैल ओढत. लाकूड, लोखंड आणि चाक एकत्र जाणणारे हात त्यामुळे शहरात मोठ्या संख्येने आले. टांग्यांच्या अड्ड्याजवळ नालबंद आणि मोची बसू लागले, की टांगेवाल्याला आरी, दोरा, तार आणि पक्कड पुरत असे. बाकीची पेटी म्हणजे अड्ड्यावरची माणसंच.

पण जबलपूरच्या टांग्याला एक सहल अशी होती की तिथे शहरी पेटी अपुरी पडे: भेडाघाट. वीस-बावीस किलोमीटर जायचं आणि तेवढंच परतायचं, वाटेत तेवर, म्हणजे जुनी त्रिपुरी, आणि नर्मदेकडे उतरणारा रस्ता. संगमरवरी कडे चांदण्यात पाहायचे म्हणून माणसं पौर्णिमेला निघणार, म्हणजे परतीची वाट रात्रीचीच. त्या वाटेवर नाल सैल झाला तर नालबंद कुठला? तेव्हा लोंबता नाल पकडीने पूर्ण काढायचा, खुराला गोणपाट गुंडाळून वादीने बांधायचं, माणसं उतरवायची आणि घोडा पायी चालवत आणायचा. असल्या रात्री पेटीतली सगळ्यात मोलाची वस्तू दिवा. अंधारात आरीचं टोक बोटात जातं, पट्ट्यात जात नाही.

इथल्या हवेचाही पेटीवर अंमल आहे. मे महिन्यात लाकूड आटतं, लोखंडी धाव सैल होते, आरे खडखडतात. चाक रात्रभर पाण्यात भिजवलं की लाकूड फुगून तात्पुरतं आवळतं. रबरी धाव असेल तर तिला धरणारी तार तपासावी लागते. पावसाळ्यात पेटीतल्या पट्ट्यांवर बुरशी येते, शिवण कुजते, आणि दोन वर्षं हात न लावलेला जास्तीचा तंग नेमका गरजेच्या वेळी फाटतो. म्हणून पावसाळ्याआधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा सगळं बाहेर काढून तेल द्यायचं, वाकवून पाहायचं, भेगाळलेलं फेकायचं. हे काम कंटाळवाणं आहे. पेटी वाहून नेणारे पुष्कळ असतात, पण तिला दोनदा तेल देणाऱ्याच्याच गाडीत मी विश्वासाने बसेन.

१९६९ मध्ये याच गावात सैन्यासाठी वाहनं बनवणारा कारखाना सुरू झाला. तिथे बनलेल्या जोंगा या लष्करी जीपच्या नावातच जबलपूर आहे. मग टेम्पो आले, ऑटोरिक्षा आल्या. टांगे कमी होत गेले आणि त्यांच्यामागे नालबंद, चाकं करणारे सुतार, साज शिवणारे मोची. आता चांदीच्या पत्र्याची बग्गी वरातीपुरती निघते, डीजेच्या आवाजात आणि दिव्यांच्या झगमगाटात. अंतर दोन किलोमीटर. पण साज शिवणारा मोची शहरात शोधायलाच दिवस जाईल. म्हणजे सिवनीच्या रस्त्यावरचीच पेटी पुन्हा लागणार आहे, आणि बग्गीत बहुतेकदा सुतळीखेरीज काही दिसत नाही. याची मला खरी चिंता वाटते. इंग्लंडात हौसेने घोडागाडी हाकणारे अशी पेटी बाळगतात आणि काही स्पर्धांत पंच ती उघडून तपासतात. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. घोड्यांना गाडीला जुंपावं का, हा वाद रास्त आहे. पण जोवर दांड्यांमध्ये घोडा उभा आहे, तोवर पेटीला पर्याय नाही.

भरायची कशी, तर जे आधी लागतं ते वर: सुरी, दिवा, रासेचा जोड. हत्यारं गोणपाटात गुंडाळून, म्हणजे ती वाजत नाहीत आणि चामड्याला टोचत नाहीत. वंगण बंद डबीत, शिवणीच्या दोऱ्यापासून लांब. बक्कलं आपल्याच साजाच्या रुंदीची आहेत ना, हे घरी बसवून पाहायचं. पाण्याची बादली बाहेर टांगायची. ३७ अंशांच्या वर पारा गेला की १२ ते ३ घोडा जुंपू नये, असं ओझी आणि गाड्या ओढणाऱ्या जनावरांसाठीचे १९६५ चे नियम सांगतात, पण सावलीत उभ्या घोड्यालाही तहान लागते. आणि काहीही तुटो, दुरुस्तीला हात घालण्याआधी एकाने घोड्याचं तोंड धरायचं, दुसऱ्याने घोडा गाडीतून पूर्ण सोडवायचा. हातोडी त्यानंतर.