शेतकऱ्याने वाचावयाची निसर्गाची पुस्तके

पशुपक्ष्यांची पुस्तके म्हणजे शहरातील सवडीच्या माणसांची करमणूक, अशी समजूत आपल्या वर्गात रूढ आहे. आम्हांस ती मान्य नाही. ज्याचा दिवस बांधावर उगवतो व बांधावरच मावळतो, त्याचा या पुस्तकांवर पहिला हक्क आहे. शेतातील कोणता जीव मित्र व कोणता शत्रू, याचा निवाडा तो रोज करतो. आणि पुष्कळदा साक्षीपुरावा न पाहताच करतो.

गिल्बर्ट व्हाइट हा इंग्लंडातील सेलबोर्न गावचा धर्मोपदेशक. शिवारात जे दिसे ते तो स्नेह्यांस पत्रांनी कळवी. ती पत्रे १७८९ साली ग्रंथरूपाने निघाली. गांडुळे कोवळे पीक खातात असे मानून तेथील शेतकरी त्यांचा तिरस्कार करीत. गांडुळांवाचून जमीन थंड, घट्ट व नापीक होईल, असे व्हाइटने १७७७ सालच्या पत्रात बजावले.

पुढे चार्ल्स डार्विनने हाच विषय हाती घेतला. १८४२ साली त्याने एका कुरणावर खडूचे तुकडे पसरले, आणि १८७१ साली तेथे चर खणून पाहिला. एकोणतीस वर्षांत ते तुकडे सात इंच मातीखाली गेले होते. वरची माती गांडुळांनी आणून टाकली होती. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत एकरी दहा टनांहून अधिक माती दरवर्षी त्यांच्या पोटातून जाते, असा हिशेब त्याने १८८१ सालच्या ग्रंथात मांडला. हा आकडा आपल्या जिरायतीस जसाच्या तसा लावू नये. पण तपासाची रीत अवश्य उचलावी.

जिम कॉर्बेट यांचे कुमाऊँतील नरभक्षक वाघांवरील पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध झाले. चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी होते. १९०७ साली ती मारली गेली, तेव्हा तिचे उजव्या बाजूचे दोन्ही सुळे मोडलेले आढळले. ते जुन्या गोळीने मोडले होते, आणि नेहमीचे सावज धरणे अशक्य झाल्याने ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेट सांगतात. ज्या घरचे माणूस गेले, त्या घरचे दुःख याने हलके होत नाही. परंतु जनावर जखमी करून सोडणे म्हणजे पुढच्या गावावर संकट धाडणे होय, हा धडा त्यात आहे.

सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक १९४१ सालचे. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, किहीम येथे त्यांनी सुगरणीच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले होते. आपण जिच्या विणकामाचे कौतुक करतो, ती मादी घरटे बांधीत नाही. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, आणि ते पुरे करून नर दुसऱ्याच्या कामास लागतो. ज्वारीवर उतरणारा हाच पक्षी पिलांना किडे भरवतो. त्याचे नुकसान आपण मोजतो, उपकारही मोजावेत.

ज्यांस इंग्रजी अवगत नाही, त्यांनी व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘सत्तांतर’ (१९८२) घ्यावे. वानरांच्या टोळ्यांतील सत्तेचा झगडा त्यात आहे. आपल्या बागेची नासधूस करणाऱ्या टोळीकडे पाहण्याची दृष्टी त्याने खचित बदलेल.

ही पुस्तके गावच्या वाचनालयाने घ्यावीत, आणि रात्री चारचौघांत वाचली जावीत, अशी आमची सूचना आहे. एवढ्यावर मात्र थांबू नये. व्हाइटने १७६८ पासून १७९३ पर्यंत निसर्गाची रोजनिशी ठेविली होती; तशी एक वही प्रत्येक घरी असावी. घुबड अशुभ म्हणून दगड उचलण्यापूर्वी, ते बसते त्या जागेखाली पडलेल्या गोळ्या काडीने फोडून पाहाव्यात. आत उंदरांची हाडे व केस सापडतील. मग निवाडा करावा.