हस्तलिखितांच्या छायाचित्रांतील वर्णशुद्धि

पोथी लिहितांना लेखकाचा हात चुकला, म्हणजे तो चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन त्यावर शुद्ध अक्षर लिहीत असे. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार याच प्रघातांतून निघाला. पाठचिकित्सकास हा लेप म्हणजे बहुमोल पुरावा होय. परंतु हल्लीं मूळ पोथीऐवजीं तिचें डिजिटल छायाचित्रच बहुधा अभ्यासकाच्या हातीं येतें, आणि संगणकावर त्याचे रंग सुधारतांना हा पुरावा नकळत पुसला जाण्याचें भय असतें. सबब या विषयीं थोडें लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

छायाचित्रास तांबूस किंवा हिरवट झांक येते ती प्रकाशामुळें. तारेच्या दिव्याचें वर्णतापमान सुमारें २,८०० केल्विन, तर भर दुपारच्या उन्हाचें सुमारें ५,५०० केल्विन असतें. हा भेद आपली दृष्टि आपोआप सावरून घेते. कॅमेऱ्यास मात्र अंदाज करावा लागतो. पिवळ्या पानानें सर्व चौकट व्यापली असल्यास कागदाचा पिवळेपणा हाच प्रकाशाचा दोष, असा त्याचा ग्रह होऊं शकतो. संगणकावर बसलेला मनुष्यही कागद पांढरा असलाच पाहिजे असें धरून तीच चूक करतो. मग निळा रंग वाढतो, कागद कोरा दिसूं लागतो, आणि हरताळाचा लेप फिका पडून दिसेनासा होतो.

यास उपाय सोपा आहे. पानाशेजारीं, त्याच प्रकाशांत, छायाचित्रणाचें करडें कार्ड ठेवावें. चित्र ‘रॉ’ स्वरूपांत घ्यावें. त्यांत मूळ मूल्यें कायम राहतात. नंतर गिंप, लाइटरूम यांसारख्या प्रणालींत वर्णसंतुलनाचें ड्रॉपर कार्डावर टेकावें, कागदावर कदापि नव्हे. तांबडा, हिरवा व निळा यांचीं मूल्यें कार्डावर समान झालीं, म्हणजे झांक गेली. प्रकाश तोच असेपर्यंत हीच दुरुस्ती पुढील सर्व पानांस लावावी. खिडकीचा उजेड व दिवा यांची मिसळ टाळावी. ती एका दुरुस्तीनें निघत नाहीं.

ज्या जुन्या चित्रांत कार्ड नाहीं, त्यांचे रंग निश्चित करण्यास आधार नसतो. तीं तशींच ठेवून तसें नमूद करावें, आणि मूळ फाइल कोणत्याही प्रसंगीं नष्ट करूं नये, एवढीच संग्राहकांस आमची विनंति आहे.