एका सत्कारपराङ्मुख संगीतकाराचे उत्सव

ज्यानें आयुष्यभर स्वतःचा गौरव टाळला, त्याच्याच नांवानें प्रतिवर्षीं उत्सव भरूं लागले, तर त्यांत त्याचा सन्मान होतो कीं त्याच्या इच्छेचा भंग होतो? आपल्याकडे साधुसंतांच्या पुण्यतिथींच्या बाबतींत हा प्रश्न अधूनमधून निघतो. पश्चिमेकडील एका संगीतकाराविषयींही तो तितक्याच तीव्रतेनें उपस्थित व्हावा, ही गोष्ट पुष्कळ वाचकांस नवीन वाटेल. स्पेन देशाचे मानुएल दे फाया हे ते संगीतकार होत. त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८७६ रोजीं झाला. म्हणजे २०२६ सालच्या त्या तारखेस त्यांच्या जन्माला दीडशें वर्षें पुरीं होतात. या निमित्तानें त्यांच्या नांवाशीं निगडित असलेल्या उत्सवांचा, आणि विशेषतः त्यांनीं स्वतः पुढाकार घेऊन भरविलेल्या एका उत्सवाचा, परिचय करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फाया यांचें जन्मगांव कादिस. हें दक्षिण स्पेनमधील समुद्रानें वेढलेलें एक अतिप्राचीन बंदर आहे. पियानोचे पहिले धडे त्यांना आईनेंच दिले. पुढें माद्रिद येथें फेलिपे पेद्रेल या विद्वान् गुरूंची गांठ पडली. स्वदेशांतील लोकगीतें व जुनें धर्मसंगीत यांच्या पायावरच राष्ट्राच्या संगीताची इमारत उभी राहिली पाहिजे, ही पेद्रेल यांची शिकवण शिष्याच्या मनांत कायमची ठसली. १९०५ सालीं ‘ला व्हिदा ब्रेव्हे’, म्हणजे ‘अल्प आयुष्य’, या त्यांच्या संगीतनाटकास माद्रिदमधील एका राजमान्य कलासंस्थेचें पारितोषिक मिळालें. पारितोषिक मिळालें खरें, पण नाटक रंगभूमीवर आणावयास कोणी पुढें येईना. १९०७ सालीं फाया पॅरिसला गेले. तेथें द्युबुसी, राव्हेल, द्युका अशा श्रेष्ठ संगीतकारांचा स्नेह त्यांना लाभला. आणि अखेर १९१३ सालीं फ्रान्समधील नीस शहरीं त्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नाटकाचें स्थळ स्पेनमधील ग्रानादा हें नगर आहे. मौज अशी कीं, तें लिहीपर्यंत फाया यांनीं ग्रानादा डोळ्यांनीं पाहिलेंच नव्हतें.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि ते मायदेशीं परतले. पुढील पांच वर्षांत त्यांच्या कीर्तीचा पाया घालणाऱ्या कृति जन्मास आल्या. मृत प्रियकराच्या पिशाचानें पछाडलेल्या जिप्सी स्त्रीची कथा सांगणारें ‘एल आमोर ब्रुखो’ १९१५ सालचें. त्यांतील अग्निनृत्य आज जगभर वाजविलें जातें. पियानो व वाद्यवृंद यांच्यासाठीं रचलेल्या ‘स्पेनच्या उद्यानांतील रात्री’ १९१६ सालच्या. १९१९ च्या जुलै महिन्याच्या २२ तारखेस लंडनमधील अल्हाम्ब्रा नाट्यगृहांत ‘त्रिकोणी टोपी’ या त्यांच्या नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग झाला. पडदे व पोशाख पिकासोनें रंगविले होते आणि वाद्यवृंदाचें संचालन फाया स्वतः करणार होते. परंतु आई अत्यवस्थ असल्याची तार आली, आणि ते त्याच दिवशीं स्पेनकडे निघाले. संचालन आन्सेर्मे यांनीं केलें. टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हां ज्यांच्यासाठीं तो झाला ते प्रवासांत होते. आणि ज्या आईसाठीं ते धांवले ती तर त्यांना अंतरलीच.

यानंतर आपल्या अविवाहित बहिणीसह ते ग्रानादा येथें राहावयास गेले. अल्हाम्ब्रा या मूर राजांच्या सुप्रसिद्ध राजवाड्याच्या टेकडीवरच एक लहानसें पांढरें घर व त्यालगतची बाग, एवढाच त्यांचा संसार. स्वतः त्यांनींही लग्न केलें नाहीं. प्रार्थना, काम आणि थोडे निवडक मित्र यांत दिवस जात. गलबल्याचा त्यांना विलक्षण त्रास होई. अशा एकांतप्रिय मनुष्यानें १९२२ सालीं हजारों लोकांचा मेळावा भरविण्याचा उपद्व्याप अंगावर घ्यावा, हें प्रथमदर्शनीं अजब वाटतें. त्याचें कारण मात्र त्यांच्या स्वभावाशीं पूर्णपणें जुळणारें होतें.

अंदालुसिया या दक्षिण प्रांतांत जिप्सी व गोरगरीब श्रमजीवी लोक यांच्यांत ‘कान्ते होन्दो’ नांवाची गायनपद्धति चालत आलेली आहे. नांवाचा अर्थ ‘खोल गायन’ असा. मरण, तुरुंग, विरह, आईची आठवण हे तिचे विषय. साथीला गिटार, आणि कांहीं प्रकारांत तीही नाहीं. शहरांतील कॉफीगृहांच्या करमणुकींत सांपडून ही विद्या विटूं लागली आहे आणि जुनें शुद्ध गाणें जाणणारे म्हातारे एकेक करून जात आहेत, असें फाया यांना वाटूं लागलें. तेव्हां तरुण कवि फेदेरिको गार्सिया लोर्का व इतर मित्र यांना बरोबर घेऊन त्यांनीं स्पर्धा भरविण्याचें ठरविलें. लोर्कानें त्या वर्षाच्या फेब्रुवारींत या गायनावर व्याख्यान दिलें. स्पर्धा १३ व १४ जून या दोन रात्रीं अल्हाम्ब्राच्या आवारांतील चौकांत झाली. एकवीस वर्षांवरील धंदेवाईक गवयांस तींत मज्जाव होता. दुसऱ्या रात्रीं पाऊस आला, तरी श्रोते उठले नाहींत. बक्षिसें मिळालीं तीं दोन टोकांच्या दोघांना: सत्तरी गाठलेला दिएगो बेर्मुदेस आणि बारा वर्षांचा मानुएल ओर्तेगा. हा मुलगाच पुढें ‘काराकोल’ या नांवानें थोर गायक म्हणून गाजला.

या उत्सवाच्या निमित्तानें फाया यांनीं एक पुस्तिका लिहिली, तिच्यावर स्वतःचें नांवसुद्धां घातलें नाहीं. आपणां भारतीयांना तिच्यांत विशेष गोडी वाटण्यासारखें कांहीं आहे. कान्ते होन्दोच्या घडणीचीं तीन ऐतिहासिक कारणें ते सांगतात. स्पेनच्या धर्ममंदिरांनीं स्वीकारलेलें बायझंटाईन गायन, अरबांचें आगमन, आणि जिप्सी टोळ्यांची वस्ती. या गायनाचीं लक्षणें देतांना भारत व इतर पौर्वात्य देश यांतील गाण्यांशीं त्याचें साम्य आहे, असें ते लिहितात. पियानोच्या पट्ट्यांत न मावणारे सूक्ष्म स्वर, ज्यांना आपण श्रुति म्हणतों, ते येथें आढळतात. सुरावट बहुधा सहा स्वरांच्या आंतच फिरते, म्हणजे आपल्या भाषेंत षड्जापासून धैवतापर्यंत. एकाच स्वराभोंवतीं, त्याच्या वरच्या व खालच्या स्वरांचा स्पर्श घेत, गायक पुनः पुनः घोटाळतो. आणि अलंकार येतात ते शोभेसाठीं नव्हत, तर भावना अनावर झाली म्हणजेच. ज्यानें एखाद्या जाणत्या गवयाची संथ आलापी मन लावून ऐकली आहे, त्याला हें वर्णन परकें वाटणार नाहीं.

जिप्सींचे पूर्वज भारताच्या वायव्य भागांतून गेले, हें त्यांच्या भाषेवरून निर्विवाद ठरलें आहे. पाण्याला स्पेनच्या जिप्सींच्या बोलींत ‘पान्यी’ म्हणतात. याहून बोलका पुरावा कोणता पाहिजे? स्पेनमध्यें त्यांचा पहिला लेखी उल्लेख १४२५ सालचा आहे. परंतु एवढ्यावरून हें गाणेंच आपल्या देशांतून गेलें असें मानून फुशारून जाणें बरें नव्हे. मूळ देश सोडल्यावर कित्येक शतकांच्या भटकंतींत त्यांनीं जें जें ऐकलें तें तें त्यांत मिसळलें. आणि अंदालुसियाच्या भूमींत, तेथल्याच दुःखांतून, हल्लींचें गायन घडलें. नात्याची ओळख पटली तरी घर ज्याचें त्याचेंच असतें.

ती स्पर्धा सर्वस्वीं यशस्वी झाली काय? सत्य सांगावयाचें तर नाहीं. इतकें अवघड गायन नुसत्या हौशी लोकांच्या बळावर टिकत नाहीं. तें घराण्यांत, आणि पोट भरण्याचा धंदा म्हणूनच, टिकून राहिलें होतें. पंचांचे प्रमुख आन्तोनियो चाकोन हे स्वतः नामांकित धंदेवाईक गायक होते. बक्षीस मिळविणारा मुलगाही गवयांच्याच घराण्यांतला. धंदा म्हणजे भ्रष्टता, हें समीकरण चुकीचें होतें. तरीपण ज्या गाण्याला सुशिक्षित लोक नाकें मुरडीत, तें देशाचें धन आहे, हें त्या दोन रात्रींनीं चारचौघांत ठणकावून सांगितलें. १९५६ सालीं कोर्दोबा येथें अशाच स्पर्धेचा उपक्रम सुरू झाला. आणि २०१० सालीं युनेस्कोनें फ्लामेन्को या कलेचा मानवजातीच्या वारशांत समावेश केला. बीजाचें मोल पिकावरून ठरतें, तें असें.

फाया दुसऱ्याचा गौरव कसा करीत, याचें आणखी एक उदाहरण आहे. द्युबुसी वारल्यावर, १९२० सालीं, त्यांनीं मित्राच्या स्मरणार्थ गिटारवर तीन-चार मिनिटांत संपणारी एक छोटी रचना केली आणि तिच्या शेवटाकडे द्युबुसीच्याच ग्रानादाविषयक कृतींतील एक स्वरपंक्ति हळुवारपणें गुंफली. एवढेंच. त्यांचा स्वतःचा गौरव करूं म्हणणारांस मात्र ते नकार देत. १९३१ सालीं स्पेनमध्यें लोकसत्ताक राज्य आलें. त्यानंतर एका नगरीनें त्यांचा सन्मान योजला, तेव्हां जेथें अधिकृत व्यवहारांतून ईश्वरालाच मान नाकारला गेला, तेथें त्याच्या एका क्षुद्र जीवानें मान कसा घ्यावा, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं धाडलें. १९३६ सालीं यादवी युद्ध पेटलें. लोर्काला पकडल्याचें कळतांच प्रकृतीनें दुबळा असा हा भिडस्त मनुष्य त्याच्यासाठीं रदबदली करावयास अधिकाऱ्यांकडे गेला. पण उपयोग झाला नाहीं. लोर्काची हत्या झाली. १९३९ सालीं फाया अर्जेंटिनांत गेले आणि १४ नोव्हेंबर १९४६ रोजीं तेथेंच आल्ता ग्रासिया या गांवीं वारले. देह कादिसला आणून तेथील मुख्य धर्ममंदिराच्या तळघरांत पुरला आहे. मान आणि कीर्ति एका परमेश्वराचीच, अशा अर्थाचे शब्द त्या थडग्यावर कोरलेले आहेत. पुढें १९७० सालच्या शंभर पेसेताच्या नोटेवर सरकारनें त्यांचें चित्र छापलें. जन्मभर साधेपणानें राहिलेल्या मनुष्याच्या नशिबीं असाही सत्कार असतो!

आतां उत्सवांकडे वळूं. १९५२ सालापासून ग्रानादा येथें संगीत व नृत्य यांचा आंतरराष्ट्रीय उत्सव भरतो. तो एकट्या फायांचा नव्हे. पण ज्या स्थळांनीं त्यांची कृति घडविली, तेथेंच ती ऐकावयास मिळते हें त्याचें वैशिष्ट्य. अल्हाम्ब्राच्या आवारांत पांचव्या चार्ल्स बादशहानें बांधविलेल्या वाड्याचा चौक वर्तुळाकार असून वर मोकळें आकाश आहे. दिवसाचा उन्हाळा ओसरल्यावर, रात्रीं तेथें वाद्यवृंद बसतो. ‘स्पेनच्या उद्यानांतील रात्री’ या कृतीचा पहिला भाग ज्या हेनेरालिफे बागेच्या नांवाचा आहे, ती बाग तेथून हांकेच्या अंतरावर. आणि तींतील रंगमंचावर उत्सवांतील नृत्यें होतात. १९७० पासून उत्सवास जोडून फाया यांच्या नांवाचे शिक्षणवर्ग चालतात. त्यांच्या घराशेजारींच १९७८ सालीं त्यांच्या नांवाचें संगीतगृह उभें राहिलें. राहतें घर पूर्ववत् जतन केलें आहे, आणि त्यांचीं हस्तलिखितें व पत्रव्यवहार संग्रहालयांत सांभाळून ठेवले आहेत.

अशा उत्सवांचा एक धोका उघड आहे. अग्निनृत्य वाजवावें, टाळ्या घ्याव्या आणि घरीं जावें, असें झालें तर उत्सव कशाला? तें काम ध्वनिमुद्रिकाही करिते. हार्प्सिकॉर्ड या जुन्या वाद्यासाठीं १९२६ सालीं त्यांनीं रचलेली कृति कठोर, हाडकुळी व वरवरच्या श्रोत्याला न रुचणारी आहे. ‘आत्लान्तिदा’ ही समुद्रांत बुडालेल्या खंडाची महाकृति ते सुमारे वीस वर्षें रचीत होते. ती अपुरीच राहिली. शिष्य एर्नेस्तो हाल्फ्तेर यांनीं पुष्कळ वर्षें खपून ती पुरी केली, आणि १९६१ सालीं बार्सेलोना येथें ती प्रथम गाइली गेली. तिला प्रचंड गायकवृंद लागतो. अशा खर्चाच्या व अवघड कृति लोकांपुढें येतात त्या उत्सवांमुळेंच. आणि तेथेंच उत्सवाची खरी कसोटी आहे.

शेवटीं कादिसविषयीं. तेथील मोठ्या नाट्यगृहास १९२६ पासून फाया यांचें नांव आहे, आणि २००३ सालीं तेथें स्पॅनिश संगीताचा नोव्हेंबरी उत्सव सुरू झाला. पण त्याच नाट्यगृहांत दरवर्षीं कार्निव्हलच्या दिवसांत दुसरीच एक स्पर्धा रंगते. शहरांतील कामकरी, दुकानदार, कारकून असे लोक चित्रविचित्र वेष घालून, स्वतः रचलेल्या गाण्यांतून राज्यकर्त्यांची यथेच्छ टर उडवितात, आणि प्रेक्षागृह मध्यरात्र उलटेपर्यंत दणाणत असतें. गलबल्यानें कासावीस होणाऱ्या त्या सत्पुरुषाच्या नांवाच्या छपराखालीं हें चालावें, याचें प्रथम हसूं येतें. परंतु विचार केला म्हणजे वाटतें, १९२२ सालीं त्यांनीं ज्यांना व्यासपीठ दिलें, तेही असेच बिनानांवाचे लोक होते. त्यांच्या कंठाला मान मिळावा म्हणूनच त्यांनीं स्वतःचें नांव झांकून ठेविलें. आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येथें सांपडतें. ज्या उत्सवांत थोर पुरुषाची नुसती मूर्ति मिरवितात, तो त्याच्या इच्छेचा भंग होय. आणि ज्यांत त्यानें मान दिलेल्या गोष्टीला मान मिळतो, तो त्याचा सत्कार. पहिला करणें सोपें असतें, दुसऱ्याला कष्ट पडतात. आपल्या घरोघरींच्या पुण्यतिथींनाही ही कसोटी लावून पाहावयास हरकत नाहीं.