तारणाची तारीख

'तारण' हा शब्द मराठी माणसाला दोन दारांत भेटतो. एक सावकाराचे किंवा बँकेचे दार, आणि दुसरे ख्रिस्ती देवळाचे. पहिल्या दारात तारण म्हणजे कर्जाची हमी: बायकोच्या पाटल्या, घराचे खत किंवा शेताचा तुकडा. दुसऱ्या दारात तारण म्हणजे पापातून आणि मरणातून सुटका, पैलतीरी पोहोचणे. आपल्या संतांनी ज्याला तरून जाणे म्हटले, त्याच धातूचा हा शब्द. आता कर्जाच्या तारणाला कागद असतो आणि त्यावर तारीखही असते. देवळातल्या तारणाला तारीख असते काय? आणि असलीच तर ती कोण घालतो: पाळक, देव, की ज्याचे तारण झाले तो माणूस?

ही उठाठेव मी, एका मराठीच्या प्राध्यापकाने, कशाला करावी, असे कोणी विचारील. मी ख्रिस्ती नाही. पण आमच्या मराठी वाङ्मयातून बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई ही माणसे वगळली, तर केवढे भगदाड पडेल! आणि या माणसांची चरित्रे वर्गात शिकवायला घेतली, की हा प्रश्न चुकवून पुढे जाता येत नाही.

नव्या करारात या प्रश्नाचे एकच एक उत्तर नाही, आणि खरी मौज तिथेच आहे. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला ना बाप्तिस्मा मिळाला, ना एखादे सत्कृत्य करायला सवड मिळाली. तरी त्याच दिवशी सुखलोकात येशूच्या सोबतीचे आश्वासन त्याला मिळाले. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने विश्वास ठेवला आणि त्याच रात्री घरच्या माणसांसह बाप्तिस्मा घेतला. उलट याकोबाच्या पत्रात बजावले आहे, की कृतीवाचूनचा विश्वास निर्जीव होय. संत पौलाची तऱ्हा तर व्याकरणाच्या मास्तराला गुंतवून ठेवील अशी. तारण झाले आहे असे तो एका पत्रात म्हणतो, होत आहे असे दुसऱ्यात, आणि होईल असे तिसऱ्यात. तिन्ही काळ! शिवाय देवाच्या आत्म्यासाठी तो व्यापारातला शब्द वापरतो. आपल्या मराठी भाषांतरकारांनी त्याला 'विसार' हा अचूक प्रतिशब्द दिला. विसार दिला म्हणजे सौदा पक्का झाला, पण घराचा ताबा अजून मिळायचा आहे.

या तीन काळांपैकी कोणता ठळक करायचा, यावरून ख्रिस्ती पंथ भांडत आले. रोमन कॅथलिकांच्या मते तारणाच्या जीवनाचा आरंभ बाप्तिस्म्यात होतो; पण घोर पापाने ती कृपा गमावता येते, आणि धर्मगुरूपुढे पाप कबूल करून ती पुन्हा मिळवावी लागते. १५१७ नंतर मार्टिन ल्यूथरने माणूस केवळ विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो असा घोष केला, तेव्हा ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये त्याचे खंडन केले. काल्व्हिनचे अनुयायी म्हणाले, देवाने ज्याला निवडले तो अखेरपर्यंत टिकणारच. मेथॉडिस्ट म्हणाले, हाती आलेले तारण माणूस घालवूही शकतो. बॅप्टिस्टांनी तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा अमान्य केला, कारण ज्याला अजून बोलता येत नाही तो विश्वास कसा कबूल करील? या वादांपायी माणसे देशोधडीला लागली, कित्येक प्राणांस मुकली. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे ल्यूथरपंथी आणि कॅथलिक यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. माणूस स्वतःच्या पुण्याईने नव्हे तर देवाच्या कृपेने स्वीकारला जातो, आणि सत्कर्मे ही त्या कृपेची फळे आहेत, एवढ्यावर त्यांचे एकमत झाले. पावणेपाचशे वर्षांनंतर!

तारीख सांगणाऱ्यांमध्ये जॉन वेस्ली अग्रगण्य. १७२८ पासून तो दीक्षित धर्मगुरू होता. उपासतापास, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी, अमेरिकेतले धर्मकार्य, सारे करून झाले होते. मनाला शांती तेवढी नव्हती. २४ मे १७३८ च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास, लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत ल्यूथरचे लिखाण ऐकता ऐकता आपल्या मनात ऊब उतरली, अशी नोंद त्याने केली. घड्याळ लावून सांगितलेले तारण ते हेच. पण पुढची नोंद फारसे कोणी वाचत नाही. ४ जानेवारी १७३९ ला हाच वेस्ली रोजनिशीत लिहितो, की मी अजून ख्रिस्ती नाही! म्हणजे तारीख हाती असूनही त्याचा जीव खाली बसला नव्हता.

आता आपल्या घरात येऊ. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातल्या वाँटेज गावी कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात काहूर माजले. पण या बाईंना गुरू करून देणारे जेवढे भेटले, तेवढ्यांना त्यांनी प्रश्न विचारून भंडावले. वाँटेजच्या जोगिणींशी त्यांचा जो पत्रव्यवहार छापलेला आहे, त्यात चर्चच्या सिद्धांतांवरून त्या आपल्या धर्ममातेशीही वाद घालताना दिसतात. पुढे १९०७ च्या आत्मनिवेदनात त्यांनी सांगून टाकले, की बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, स्वतः ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता. तो मिळाला सुमारे आठ वर्षांनी. या शोधात त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र आले होते. कॉर्नवॉलमध्ये १८५१ साली हा गृहस्थ आपल्याच व्यासपीठावर, आपलेच प्रवचन देता देता पालटला होता! शारदासदन काढणारी, आपल्या भगिनींसाठी लोकनिंदा सोसणारी बाई त्या आठ वर्षांत कोण होती मग? तारण न झालेली? मला हे उत्तर पटत नाही. पण ते मीच खोडून काढावे, हाही उद्धटपणा ठरेल. कारण साक्ष त्यांची आहे.

टिळकांच्या घरात तर दोन तारखा, आणि त्या दोहोंमध्ये एका संसाराची ताटातूट. १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षांच्या विरहानंतर त्या नवऱ्याकडे परतल्या, त्याही स्वतःच्या चुलीसह आणि सोवळ्यासह. बाप्तिस्मा त्यांनी घेतला १९०० साली. 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवते, की त्यांच्या मनातून आधी जातिभेद गळाला, आणि बाप्तिस्म्याचे पाणी त्यानंतर डोक्यावर पडले. टिळकांना उजेड दिसला तो पुस्तकातून आणि स्वप्नांतून, लक्ष्मीबाईंना मात्र स्वयंपाकघरातून.

हा वाद केवळ ग्रंथांत राहिला असता, तर मी लेखणी उचलली नसती. माझ्या एका ख्रिस्ती सहाध्यापकांच्या आई नगरकडच्या. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेला, सारे आयुष्य एकाच देवळात उपासनेला बसण्यात गेलेले. त्यांचा नातू कुठल्याशा नव्या प्रार्थनासभेला जाऊ लागला आणि एके दिवशी जेवता जेवता त्याने विचारले, "आजी, तुझं तारण कोणत्या दिवशी झालं?" आजींना दिवस सांगता येईना. "मग झालंच नाही," नातू म्हणाला. तो वाईट मुलगा नव्हे. आजी नरकात जाईल या भीतीने त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते. पण ऐंशीच्या घरातल्या त्या बाईंची झोप उडाली. मुलगा नातवावर संतापला, सून रडू लागली. आठवडाभर त्या घरात कोणी कोणाशी धड बोलेना.

मी भेटायला गेलो तेव्हा आजी अंगणात लसूण सोलत होत्या. मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, "सर, माझी आई पहाटे चूल पेटवायची. मी उठायची तेव्हा घर उबदार असायचं. काडी कधी ओढली ते मी पाहिलं नाही. म्हणून का चूल पेटलीच नव्हती?" थोडे थांबून पुढे म्हणाल्या, "पण पोराचंही खोटं नाही हं. त्याच्या घरची चूल विझत आली होती. त्याला काडी ओढलेली दिसली, म्हणून तो सांगत सुटलाय."

घरी येऊन मी नवा करार उघडला. पौलाची कथा सर्वांना ठाऊक असते: दिमिष्काची वाट, दिपवणारा उजेड, दिवस ठरलेला. पण ज्या तीमथ्याला पौल मुलासारखा मानी, त्याच्या विश्वासाबद्दल लिहिताना तो कोणत्याच दिवसाचा उल्लेख करीत नाही. तो आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतो. तो विश्वास आधी त्यांच्या ठायी होता, असे सांगतो. ज्याच्याजवळ तारीख होती, त्याने तारीख नसलेल्याला कमी लेखले नाही.

टिळकही शेवटी याच वाटेने गेले असे मला वाटते. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही ख्रिस्तशिष्य सामावावेत अशी त्यांची कल्पना होती. ज्या बाप्तिस्म्यासाठी घर, गोत आणि पत्नी दुरावली, तोच माणूस म्हातारपणी त्या पाण्याची भिंत होऊ देत नाही! बाप्तिस्म्याची किंमत त्यांच्याएवढी कोणी मोजली असेल? म्हणून त्यांच्या या उदारपणाला वजन आहे.

सहाध्यापकांच्या घरी आता बोलणे सुरू झाले आहे. नातू नव्या सभेलाच जातो, पण महिन्यातून एका रविवारी आजीचा हात धरून तिला तिच्या देवळात पोहोचवतो आणि उपासना संपेपर्यंत शेजारी बसतो. दोघांचेही मत बदललेले नाही.