सायकलवरून अहिल्यानगर : भंडारदरा ते सिद्धटेक

जिल्हा : क्षेत्रफळ १७,०४८ चौ. किमी, राज्यात सर्वांत मोठा. तालुके १४. अहमदनगरचे नामांतर २०२४ मध्ये.

बदलता मुलूख
• अकोले : सह्याद्री, घाटरस्ते, मुसळधार पाऊस. भात, नागली, वरई. कळसूबाई (१,६४६ मीटर) राज्यातील सर्वोच्च शिखर. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण.
• संगमनेर, राहाता, राहुरी : सपाटी, कालवे, काळी जमीन, ऊस. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० चा.
• अहिल्यानगर शहर : स्थापना १४९०. निजामशाहीची राजधानी.
• कर्जत : पर्जन्यछायेतले माळरान, ज्वारी. रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८० पासून. शेवट भीमाकाठी, अष्टविनायकांपैकी सिद्धटेकला.

सोलो, म्हणजे एकट्याच्या सायकल सफरीचे दोन प्रकार
• सपोर्टेड : स्वार एकटा, पण सामान व मदतीसाठी मागे गाडी.
• सेल्फ-सपोर्टेड : सामान सायकलवर, दुरुस्ती, जेवण, मुक्काम ज्याचा त्याने पाहायचा.

रस्त्यावर
• गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, उसाच्या दुहेरी ट्रॉल्या आणि बैलगाड्या.
• माळरानात बाभळीचे काटे. पंक्चर काढायला पॅच, सोल्युशन, पॉलिश पेपर, टायर लिव्हर, हातपंप. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून चाचपून रुतलेला काटा काढतात.