सुनेच्या हृदयाची झडप व बाळंतपण

विहिरीतला फूटव्हॉल्व्ह नीट उघडला नाही, तर पाणी कमी येते. गळू लागला, तर चढलेले पाणी परत खाली उतरते. हृदयात अशाच चार झडपा असतात. काहींच्या झडपेत जन्मापासूनच दोष असतो. शरीराला रक्त पुरविणाऱ्या मोठ्या नळीच्या तोंडाशी तीनऐवजी दोनच पाकळ्या असणे, हा त्यातला नेहमी आढळणारा प्रकार होय. मुलगी शेतात राबते, तक्रार करीत नाही. त्यामुळे दोष ध्यानात येत नाही.

गरोदरपणी अंगातले रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. सातव्या-आठव्या महिन्यात हृदयावरचा भार फार असतो. कळा येताना व बाळंत झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस तो पुन्हा वाढतो. गळक्या झडपेपेक्षा अरुंद झडपेला हा भार जास्त जड जातो.

लग्न मोडेल या भीतीने माहेरची माणसे मुलीचे लहानपणचे ऑपरेशन लपवितात. सासरी ती गोळ्या चोरून घेते किंवा सोडून देते. असे करू नये. धातूची झडप बसविलेली असेल, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर बंद केल्यास झडपेवर रक्ताची गुठळी होऊन जिवावर बेतते. उलट वॉरफेरिन ही गोळी पहिल्या तीन महिन्यांत गर्भाला अपाय करू शकते. म्हणून औषधाचा बदल दिवस जाण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

त्याच वेळी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करावी. काही अरुंद झडपा फुग्याने आधीच रुंद करता येतात. सौम्य दोष असलेल्या बहुतेक स्त्रिया सुखरूप बाळंत होतात. मात्र डॉक्टरांनी मूल नको म्हटले, तर घरच्यांनी हट्ट धरू नये.

दिवस गेल्यावर रक्त कमी होऊ देऊ नये. पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या हृदयाचीही तपासणी करावी. बाळंतपण हृदयाचे डॉक्टर असलेल्या इस्पितळातच करावे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते. तेथे झडपेचा दोष आवर्जून सांगावा.

आडवे पडताच दम लागणे, रात्री गुदमरून उठणे, खोकल्यातून रक्त पडणे, छातीत सारखी धडधड, चक्कर येऊन पडणे – यांतले काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. १०८ वर फोन करून गाडी बोलवावी.

आईबापांनी लेकीला सासरी पाठविताना ऑपरेशनचे कागद व गोळ्यांची चिठ्ठी सोबत द्यावी. सासूने ती जपून ठेवावी.